बेगिनी आणि आमची ताई

एम.ए.ला मी मध्ययुगीन फ्लँडर्समधल्या, म्हणजे आजच्या बेल्जियमकडच्या, बायकांचा अभ्यास करत होते. खडकीच्या आमच्या क्वार्टर्समध्ये जो तो विचारायचा, "याने नोकरी कुठे लागते गं?" ताई आयटीत होती, त्यामुळे तिला तो प्रश्न नव्हता. तिला एकच प्रश्न, लग्न कधी.

ताईला लग्नच करायचं नव्हतं. पहाटे ध्यान, दिवसा ऑफिस, सुट्टीला वस्तीतल्या मुलांना शिकवणं, आणि तसंच जगणाऱ्या दोन मैत्रिणींबरोबर कोथरूडला राहणं, एवढंच तिला हवं होतं. पण तिथल्या घरमालकीणबाई म्हणाल्या होत्या, "एकट्या मुलींना आम्ही जागा देत नाही. वडिलांना घेऊन या." आणि दारूगोळा कारखान्यात काम करणारे आमचे बाबा हलायला तयार नव्हते. "चीवर घे, भिक्खुणी हो, मी पाया पडेन तुझ्या. नाहीतर संसार कर. हे मधलंच काय?"

माझं डोकंच फिरलं. जेवता जेवता मी त्यांना माझ्या अभ्यासातल्या बेगिनींबद्दल सांगायला लागले. या बायका नवरा करत नसत आणि मठातही जात नसत. एका आवारातल्या लहान लहान घरांत राहायच्या, प्रार्थना करायच्या, लोकर कातून पोट भरायच्या, आजाऱ्यांची सेवा करायच्या. जन्मभराची शपथ नाही. वाटलं तर बाहेर पडून लग्न करायला मोकळ्या.

"ते ख्रिश्चन लोक," बाबा म्हणाले. "आपल्यात असलं काही नसतं."

"कसं नसतं? थोड्या दिवसांसाठी भिक्खू होतात त्या श्रामणेर शिबिरात तुम्ही डोकं भादरून चीवर घातलंत ना? शिबिर संपल्यावर उतरवलंत आणि सोमवारी कारखान्यात हजर. तेव्हा कोणी म्हणालं का, हे मधलंच काय?"

आई फिस्सकन हसली. बाबा ताटावरून उठले आणि हात धुवायला गेले. झालं, आता बोंबला, असं मला वाटलं. ताई मान खाली घालून भात चिवडत होती. तिच्याकडे बघून मला रडूच येत होतं.

रविवारी इस्त्रीचा शर्ट घालून बाबा आमच्याबरोबर कोथरूडला आले. घरमालकीणबाईंनी खुर्ची दिली, पाणी विचारलं नाही.

"मुलगी कमावती आहे, दिसायलाही बरी आहे. मग लग्न का जमत नाही?"

मी तोंड उघडणार तेवढ्यात बाबा म्हणाले, "जमत नाही असं नाही, बाई. ती करत नाहीये. मी तिचा बाप आहे आणि मला चालतंय. आता जागा दाखवता का?"