कूलरची पिन

कूलरला नवा वाळा बसवला की त्याच्या ओल्या वासाने मला अकोल्याचं ऑफिस आठवतं. मी तिथे झाडू मारायची. त्या उन्हाळ्यात रोज दुपारी सगळे कॉम्प्युटर बंद पडत आणि ते सांभाळणारी नवी पोरगी शिव्या खाई. शेवटी एक दिवस कॉम्प्युटर विभागाचे मोठे साहेब पुण्याहून आले. "हिलेच काढून टाका, साहेब," मॅनेजर म्हणाला. पोरगी भिंतीला टेकून उभी होती. सगळे कॉम्प्युटर ज्या मोठ्या मशीनवर चालत, तिच्या खोलीत उभं राहून साहेबांनी एवढंच विचारलं, "दुपारी या खोलीत कोण येतं आणि काय करतं?" जेवणाच्या सुट्टीत कूलर लावायला तिथल्या बोर्डातली एक पिन मीच काढत होते. नोकरी जाणार हे कळत होतं, तरी बोलले, "पिन मीच काढली जी. मले काय मालूम, तिच्यावर सारं चालते म्हून?" मॅनेजर ओरडला, "अक्कल गहाण ठेवली का वं बाई?" साहेबांनी त्याला हातानेच थांबवलं. "कूलरला वेगळा बोर्ड दिला नाही, ही चूक माझी. मावशी, तुम्ही बोलला नसता तर आपण या मुलीला घालवलं असतं." नवा बोर्ड लागेपर्यंत ते घामाघूम होत तिथेच उभे राहिले. पोरगी टिकली, मीही टिकले. आता ती पोरगी मोठी साहेब झाली म्हणतात. ती आधी विचारते की आधी ओरडते, ते मला ठाऊक नाही.