माझ्या भावाच्या उपचाराचा कौल

ज्या गावाने माझ्या धाकट्या भावाला बरे होऊ दिले नाही, त्या गावाविरुद्ध मी जेवढे अर्ज केले, तेवढे जमिनीच्या एखाद्या दाव्यातही झाले नसतील. एकाचेही उत्तर समाधानकारक आले नाही. सबब, कोणत्याही कचेरीने दाखल करून न घेतलेली हकीकत मी येथे लिहून ठेवीत आहे.

श्रीवर्धनच्या कचेरीबाहेर चिंचेखाली बसून मी अर्ज लिहीत असे. अशिक्षित माणसाचे रडगाणे ऐकावे, त्यातले रडणे वगळावे आणि उरलेले कायद्याच्या भाषेत मांडावे, हा माझा धंदा. भाऊ आमच्या सुपारीच्या वाडीत राबे. त्याच्यासारखा सोलणारा पंचक्रोशीत नव्हता. परंतु सुपारीचा घोस झाडावर असतानाच त्यात किती फळे निघतील यावर तो पैज लावी. लहानपणी आम्ही त्याला हसत असू. हसणाऱ्यांत मीही होतो, हे नमूद करणे भाग आहे.

पुढे पत्ते आले. मी त्याला पालीला नेऊन बल्लाळेश्वरापुढे उभे केले आणि शपथ घ्यायला लावली. शपथेचा मजकूर अर्थातच माझा होता. ‘यापुढे जन्मात पत्त्याला हात लावणार नाही’ हे वाक्य त्याने डोळ्यांत पाणी आणून उच्चारले आणि अक्षरशः पाळले. पत्त्याला त्याने पुन्हा कधी हात लावला नाही. तो आकडा लावू लागला. परदेशातील कापसाच्या भावातला कोणता अंक येईल यावर त्या काळी मुंबईत जुगार चाले आणि दुपारच्या मोटारीबरोबर तो अंक आमच्या किनाऱ्यावर पोहोचे. मी जाब विचारला, तेव्हा तो अतिशय शांतपणे म्हणाला, “दादा, शपथ तुम्हीच लिवलीत. त्यात आकडा कुठं होता?”

इतकी वर्षे दुसऱ्यांच्या दस्तऐवजांतील पळवाटा शोधणाऱ्याने स्वतःच्या भावासाठी दाराएवढी पळवाट ठेवली होती.

त्याच सुमारास एका वर्तमानपत्रात मुंबईच्या एका मनोविकारतज्ज्ञाचा लेख माझ्या वाचनात आला. जुगाराचे व्यसन हा दुर्गुण नसून आजार आहे आणि तो बोलण्याच्या उपचाराने आटोक्यात येऊ शकतो, असे त्यात म्हटले होते. मी त्यांना पत्र लिहिले. चार पत्रांनंतर उत्तर आले. पंधरवड्यातून एकदा, निदान सहा महिने यावे लागेल. शेवटी एक ओळ होती: ‘रुग्णाने स्वतःच्या इच्छेने यावे. आमिष अथवा धाक दाखवून आणलेला मनुष्य बहुधा दुसऱ्या खेपेस येत नाही.’ या ओळीखाली मी तांबड्या शाईने रेघ मारली. महत्त्वाच्या कलमाखाली रेघ मारण्याची मला सवय होती. ते कलम पाळण्याची सवय मात्र कोणालाच नव्हती.

भावजयीला सांगितले, तेव्हा ती विळीवरून उठली नाही. कोयता आपटावा तसे बोलली.

“भावोजी, पोरगी लग्नाला आलीय. जुगारी बाप असला तर सोयरे नाक मुरडतात आन् होकार देतात. बाप येडा म्हटला की उंबऱ्यावरनं परत जातात.”

“त्याला वेडा कोण म्हणतो आहे?”

“तुम्ही. येड्यांच्या डॉक्टराकडं कोण शहाणा जातो?”

“हा आजार आहे. तुझ्या अंगात ताप असता तर तू गेली नसतीस?”

“तापानं पोरीचं लगीन मोडत न्हाय,” ती म्हणाली, आणि नारळ खवू लागली.

भाऊ पडवीत बसून ऐकत होता. तो एवढेच म्हणाला, “दादा, मला पायजे तेव्हा सुटतं ओ. एक आकडा लागू दे, मग बघा.” पुढे त्या डॉक्टरांनी मला कळविले की हेच वाक्य त्यांना रोज ऐकावे लागते. माझी समजूत अशी होती की ते केवळ आमच्या घरात तयार झाले आहे.

तेव्हा मी आमिष शोधले.

शिमग्याला ग्रामदेवीची पालखी निघते. तिच्या पुढल्या दांडीला उजवा खांदा देण्याचा मान आमच्या घराण्याचा. भावाने आकडा लावल्याचे उघड झाले, त्या वर्षी गावकीने तो मान काढून घेतला. त्या दिवशी तो जेवला नाही. पालखी आमच्या अंगणात आली, तेव्हा तो वाडीत जाऊन सुपारीच्या झाडाला पाठ लावून बसला होता. मला वाटले, हा माणूस देवाला भीत नाही, मला भीत नाही, पण त्या दांडीसाठी मुंबईला जाईल. मी गावकीला रीतसर अर्ज दिला: सहा महिने उपचार पूर्ण केल्यास मान परत मिळावा.

गावकीत सात माणसे. सातांपैकी किमान चार जण रोज दुपारी मोटारीची वाट पाहत उभे असत, हे मी माझ्या जागेवरून पाहिले होते. त्यांचा पुढारी म्हणाला, “जुगारी हाय म्हणून मान काढला, त्ये खरं. पर त्यो येड्यांच्या डॉक्टराकडं गेला, तर येड्याच्या खांद्यावर देवी द्यायची का आमी?”

“म्हणजे गेला नाही तर जुगारी म्हणून मान नाही, आणि गेला तर वेडा म्हणून नाही?”

“व्हय.”

“मग तो मिळावा कसा?”

पुढाऱ्याने तंबाखू मळली. “त्यानं जावं का न्हाय, देवीलाच इचारू. कौल लावू.”

मी नकार द्यायला हवा होता. परंतु माझ्या धंद्याने मला शिकविले होते की खालच्या कोर्टाने अडवले तर वरच्या कोर्टात जावे. आणि आमच्या गावात देवीच्या वर कोर्ट नव्हते. मी संमती दिली. शिवाय निकाल माझ्याच बाजूने लागेल, असे मी गृहीत धरले होते. ज्याला आपण जुगारी म्हणतो, त्याच्या मनात याहून वेगळे काय असते, हा विचार मला फार उशिरा सुचला.

कौलाची रीत अशी. गुरव देवीच्या दोन्ही खांद्यांवर ओल्या कळ्या चिकटवतो. उजवी कळी आधी पडली तर होय, डावी पडली तर नाही. सोमवारी सकाळी सारा गाव देवळात जमला. गुरवाने गाऱ्हाणे घातले, “आई, हे लेकरू मुंबईला औषधाला जाऊ म्हणतंय. जाऊ दे म्हणत असशील तर उजवी दे.” मी हात जोडून उभा होतो. भाऊ माझ्याशेजारी होता. त्याची नजर डाव्या कळीवर इतकी खिळली होती की मला वाटले, तो भितो आहे.

ती डावीच पडली.

मागे एक आरोळी उठली. देवळात अशी आरोळी उठत नाही. ती मोटारीपाशी उठते. मी वळलो. माणसे एकमेकांच्या हातांत काही देत-घेत होती. कौलावर पैजा लागल्या होत्या! आणि माझा भाऊ, ज्याच्या आयुष्याचा तो कौल होता, तोही हात पुढे करून उभा होता. मुंबईच्या प्रवासासाठी मी दिलेले भाडे त्याने डाव्या कळीवर लावले होते. स्वतःच्या उपचाराविरुद्ध पैज लावून तो जिंकला होता. कित्येक महिन्यांनी त्याच्या तोंडावर तेज दिसत होते.

“दादा,” तो हसत म्हणाला, “तुमच्या डॉक्टराकडं न जाताच गुण आला की!”

लोक हसले. गुरवसुद्धा हसला.

आमिष फसले, म्हणून मी धाकाकडे वळलो. सार्वजनिक जागी जुगार खेळल्याबद्दल संपूर्ण गावकीविरुद्ध फिर्याद दिली. नावे दिली, वेळ दिली, कोण कोठे उभा होता त्याचा नकाशा काढून जोडला. पोलीस आले आणि त्यांनी माझ्या भावाला पकडले. फक्त त्यालाच. सातही जणांनी जबाब दिला की पैज लावताना आम्ही फक्त त्यालाच पाहिले. पैज एकट्याने लावता येते, हा शोध आमच्या गावाच्या नावावर नोंदवायला हरकत नाही. भावाने गुन्हा कबूल केला, त्यामुळे माझा नकाशा कोणी उघडलाही नाही.

तरीही मला वाटले, हीच संधी आहे. पहिल्याच गुन्ह्यात आरोपीला चांगल्या वर्तणुकीच्या हमीवर सोडण्याची तरतूद कायद्यात होती. मी वकिलामार्फत अर्ज केला की तुरुंगाऐवजी त्याला उपचारांच्या अटीवर सोडावे. डॉक्टरांचे पत्र जोडले. माझ्या आयुष्यातील तो सर्वांत निर्दोष अर्ज होता. मॅजिस्ट्रेटसाहेबांनी तो दोनदा वाचला, चष्मा काढला आणि माझ्या भावाला विचारले, “तुमचे बंधू म्हणतात, तुम्हाला आजार आहे. मुंबईला जाऊन उपचार घ्याल? घेत असाल तर तुरुंगात जावे लागणार नाही.”

कोर्टाच्या मागच्या बाकांवर गावकी बसली होती. भावजय दाराशी पदर तोंडाला लावून उभी होती. भावाने एकदा तिच्याकडे पाहिले, एकदा बाकांकडे. माझ्याकडे पाहिले नाही.

“साहेब,” तो म्हणाला, “मी जुगारी हाय. येडा न्हाय.”

साहेबांनी प्रश्न पुन्हा विचारला. त्याने उत्तर पुन्हा दिले, आणि या वेळी मोठ्याने. महिन्याची सजा झाली. बाहेर पडताना पुढाऱ्याने माझ्या भावाच्या पाठीवर थाप मारली. जन्मात कोणी मारली नसेल अशी.

त्या माघात त्याच्या मुलीचे लग्न ठरले. सोयऱ्यांनी नाक मुरडले आणि होकार दिला. भावजयीने वर्तविले होते, अगदी तसेच. माझ्या एकाही अर्जाला असे तंतोतंत यश आलेले नाही. आणि शिमग्याला गावकीने आपण होऊन पालखीचा मान परत केला. भर कोर्टात गावाची अब्रू राखणाऱ्याला मान द्यायचा नाही तर कोणाला?

पालखी दुपारी आमच्या अंगणात आली. ढोल चालू होते. मी नारळ घेऊन पुढे झालो. पुढल्या दांडीला उजवा खांदा देऊन भाऊ उभा होता, गुलालाने माखलेला, घामाने निथळणारा. त्याच्या अंगावरचा सदरा माझाच होता. मी नारळ वाहण्यासाठी पालखीजवळ गेलो, तेव्हा त्याने मान किंचित माझ्याकडे केली. सजेनंतर तो माझ्याशी प्रथमच बोलत होता. माझ्या छातीत काय झाले ते लिहिण्याची मला सवय नाही.

“दादा,” तो पालखीखालून कुजबुजला, “मोटार आली का? आज काय आकडा आला?”

मोटार आली होती. कचेरीपासून घरापर्यंत येताना तीन माणसांनी मला तो अंक न विचारता सांगितला होता. मी नारळ ठेवला, देवीला हात जोडले आणि बाजूला झालो. पालखी पुढल्या घराकडे निघेपर्यंत तो माझ्याकडे वळून वळून पाहत होता. मी आकडा सांगितला नाही. त्याला देता येईल अशी तेवढीच एक शिक्षा माझ्या हाती उरली होती, आणि ती मी पूर्ण दिली.