खुर्चीतून पाच वेळा

बत्तीस वर्षं धावत्या बसमध्ये दांडी न धरता उभी राहिलेली बाई बाथरूममध्ये नुसती वळताना पडली, याची कंडक्टरबाईंना मारापेक्षा लाजच जास्त वाटली. हाड काही मोडलं नव्हतं. पण अंगातलं त्राणच गेलं होतं. खुर्चीतून उठायचं तर दोन्ही हात टेकून, "चल गं बाई," असं स्वतःलाच म्हणत.

लेक त्यांना हळुवार व्यायामाच्या वर्गाला नेऊ लागली. "आई, एकदा तुझे पाय सुधारले की माझी काळजी मिटली," ती म्हणाली. बाईंना एवढं पुरलं. लेकीच्या घरात, आपल्या खोलीत राहायचं, यापलीकडे त्यांचं काही मागणंच नव्हतं.

शिकवणारी मुलगी नातीच्या वयाची. श्वास घेत हात वर, सोडत खाली. भार या पायावरून त्या पायावर, सगळं लक्ष तळपायात. "अगं, या वेगानं तिकिटं फाडली असती तर प्रवाशांनी मलाच खाली उतरवलं असतं," बाई म्हणाल्या. पण घरी ओट्याला बोट टेकून रोज नेमानं करत. चार महिन्यांत हात छातीशी बांधून लागोपाठ पाच वेळा खुर्चीतून उठू लागल्या. लेक मोठ्यानं मोजायची, टाळ्या वाजवायची.

वर्गात खुर्चीतून उठण्याची चाचणी होती, त्या दिवशी फाईल घेऊन एक अनोळखी बाई आली होती. "आजी, तुमचं फार कौतुक ऐकलंय. आमच्या वृद्धाश्रमात आपलं आपण उठता येणाऱ्यांनाच घेतो. तुम्ही पडलात त्याच आठवड्यात मुलीनं नाव नोंदवलंय ना!"

बाईंनी लेकीकडे पाहिलं. लेक पर्समध्ये काहीतरी शोधत होती. म्हणजे त्या टाळ्या यासाठी! पोटच्या पोरीनं केसानं गळा कापला, आणि आपण वेड्यासारखं तिला खूश करायला उठत-बसत राहिलो. बाईंना रडू आलं नाही, तळपायाची आग मस्तकात गेली.

"करा सुरू," शिकवणारी म्हणाली. कालच त्या दहा वेळा उठल्या होत्या. आज बसून राहिल्या.

"आई, ऊठ ना. येतं तुला."

"कुठे येतंय गं? नाही येत."

फाईलवाली "पुढच्या वर्षी बघू" म्हणून निघून गेली. लेकीनं ओठ आवळून हात पुढे केला. बाईंनी तो धरला आणि रिक्षापर्यंत सगळा भार तिच्यावर टाकून पाय ओढत चालल्या. त्यांना चालता येतं, हे दोघींनाही ठाऊक होतं. आता घरातही रोज असंच चालावं लागणार होतं.