वसंतरावांचं ‘अहो’

माझी बायको मालन आणि मी शेवटचं एकत्र काय केलं, तर मेथी निवडली. आणि निवडता निवडता होस्टेलमधल्या वसंतावरून भांडलो.

“शिवी देत नाही, मारत नाही. नुसतं अहो अहो ओरडतो. त्याला काय वरच्या मजल्यावर धाडायचं?” मी म्हणालो.

“कुणाला ओरडतो ते शोधा आधी. आणि कोवळे देठ टाकू नका.”

“सगळ्यांनाच ओरडतो. भिंतीलासुद्धा.”

“मग आपला रिव्ह्यू अर्धाच आहे. पुन्हा जायला लागेल.”

पुन्हा जायला ती राहिली नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी चहा ठेवून हाक मारली, तर उठलीच नाही. डॉक्टर म्हणाले, हार्ट. आम्हाला मूलबाळ नाही. दोघंच होतो. आता मी आहे.

आमचं काम काय ते सांगतो. अपंग माणसांना सांभाळणारी होस्टेलं असतात, वर्कशॉप असतात, घरी येणारे मदतनीस असतात. त्या सगळ्याला ऑफिसात ‘सेवा’ म्हणतात. सेवा नीट मिळते का, हे बघणारी आमची कोथरूडची संस्था. बाकीचे तपासणीवाले संडास धुतलाय का, रजिस्टर भरलंय का ते बघतात. आम्ही एकच माणूस घेतो. त्याला आवडतं ते खायला मिळतं का, बाहेर जावंसं वाटलं तर जाता येतं का, त्याचं म्हणणं कुणी ऐकतं का. फक्त त्याच्यापुरतं लिहायचं. यालाच रिव्ह्यू म्हणतात.

दोघांनी जायचं असा नियम आहे. एक स्वतः अपंग पाहिजे, दुसरा कुणीही. मालनला लहानपणी पोलिओ झालेला, पायाला कॅलिपर, काखेत कुबडी. नेमणूक तिची होती. मी मार्केट यार्डात तोलणार होतो, म्हणजे आडत्याच्या गाळ्यावर मालाची पोती वजन करून देणारा. रिटायर झाल्यावर तिला गाडीवरून सोडायचो आणि बाहेर बसायचो. आमच्या संस्थेच्या मॅडम म्हणाल्या, बाहेर बसून काय करता, आत या. असा मी लागलो. ती लिहायची, मी विचारायचो. मी चौथी पास. पण विचारायला मला लाज वाटत नाही.

वसंत पन्नाशीचा. जन्मापासून हातपाय आखडलेले, बोलणं तुटक, कळतं मात्र सगळं. होस्टेलच्या वर्कशॉपमध्ये कागदाच्या फायली चिकटवायचा. त्याच्या ओरडण्यामुळे त्याला वरच्या मजल्यावर हलवायचं चाललं होतं. वरचा मजला म्हणजे कुलपाचा मजला. सांभाळायला जड जाणारी माणसं तिथं ठेवतात, आणि वर गेलेला माणूस कामाला खाली येत नाही. फायली गेल्या, टेबलावरच्या गप्पा गेल्या, सगळं गेलं. मीटिंगमध्ये ठरणार होतं, आणि मीटिंगमध्ये आमचा रिव्ह्यू वाचणार होते.

मालनचं तेरावं झालं आणि मॅडमचा फोन आला.

“काका, तुम्ही आराम करा. वसंतचं मी दुसऱ्या टीमला देते.”

“दुसरी टीम पहिल्यापासून सुरू करणार. तोवर तो वर गेलेला असेल.”

“पण नियम दोघांचा आहे ना.”

“मग तुम्ही चला.”

मॅडम स्वतः व्हीलचेअरवर असतात, त्यामुळे नियमही मोडला नाही.

आम्ही गेलो तेव्हा वसंत टेबलाशी होता. तिथल्या सुनंदाताई मायेच्या बाई. त्याच्या डोक्यावरून हात फिरवून म्हणाल्या, “ए वसू, बघ कोण आलंय. शहाण्यासारखं बोलायचं हं बाळ.”

मी पाठमोरा बसून पिशवीतून चष्मा काढत होतो. मागून जोरात आलं, “अहो!”

माझ्या तोंडून गेलं, “आलो गं.”

टेबलावरची कात्री थांबली. मॅडम खाली बघायला लागल्या. आमच्या घरात अहो म्हणजे मी. एवढी वर्षं ती अहो म्हणाली की मी हातातलं टाकून उठायचो. तसाच उठलो. मग आठवलं. डोळे पुसले आणि बसलो.

वसंत हसला नाही. जोरजोरात मान हलवायला लागला, नाही नाही. मग आखडलेला हात कसाबसा वर ओढला आणि स्वतःच्या छातीवर आपटला.

“अहो.”

पुन्हा आपटला. “अहो.”

“अहो म्हणजे तुम्ही?” मी विचारलं.

त्यानं मान हलवली, हो. मग शब्द एकेक करून बाहेर आले. “भाऊ. धाकटा. आला की... अहो साहेब. मी... ए.”

सुनंदाताई म्हणाल्या, “अगं बाई. भाऊ भेटायला येतात त्यांचे. आम्ही म्हणतो, अहो साहेब बसा, चहा घ्या. आणि यांना म्हणतो, ए वसू, सरक तिकडे.”

तो कुणाला हाक मारत नव्हता. आपल्याला काय म्हणायचं ते सांगत होता. तिथं सगळ्यांनाच ‘मुलं’ म्हणतात. केस पिकले तरी मुलंच. कुणी वाईट बुद्धीनं म्हणत नाही, पण मोठ्या भावासमोर धाकट्याला अहो आणि मोठ्याला ए, हे कुठल्या घरात चालतं? इथून पुढे मीही वसंतराव असंच लिहितो.

होस्टेलचे मॅनेजर शिर्के सर. त्यांना सांगितलं, तर म्हणाले, “काका, इतकी माणसं आहेत इथं. सगळ्यांना अहो-जाहो करत बसलो तर जेवण कधी वाढायचं?”

“अरे म्हणायला जेवढा वेळ लागतो तेवढाच अहो म्हणायला लागतो. मी म्हणून दाखवू?”

“आणि ओरडणं नाही थांबलं तर?”

“तर वर न्या. मी स्वतः त्यांची चाकाची खुर्ची ढकलायला येतो.”

बोलून गेलो खरा. घरी आल्यावर वाटलं, हे बोलायला नको होतं.

मीटिंगपर्यंत म्हणून बघायचं ठरलं. सुरुवातीला सुनंदाताईंनाच हसू यायचं. “वसंतराव, आंघोळीला चलता का?” म्हणायच्या आणि पदर तोंडाला लावायच्या. वसंतराव मात्र मान ताठ करून “चला” म्हणायचे. ओरडणं थांबलं. एकदाच ओरडले, आमटीत मीठ नव्हतं तेव्हा. त्या दिवशी सगळेच ओरडले होते.

रिव्ह्यू मॅडमनी लिहिला, मी सांगितला. त्यांनी पहिलं वाक्य लिहिलं, “सदर व्यक्तीस आदरार्थी संबोधनाची अपेक्षा आहे.”

“मॅडम, हे आधी वसंतरावांना वाचून दाखवायचंय.”

“हो की,” म्हणून त्यांनी हसत खोडलं. मग लिहिलं, “मला अहो म्हणा. मी मोठा आहे.” वाचल्यावर वसंतराव म्हणाले, “पुन्हा.” पुन्हा वाचलं.

“खाली नावं कुणाची घालू?” मॅडमनी विचारलं.

“पहिलं मालनचं. रिव्ह्यू अर्धा आहे हे तिनं सांगितलं. मग माझं, मग तुमचं.”

मीटिंगमध्ये रिव्ह्यू वाचला. शिर्के सरांनी पेन खाली ठेवलं आणि म्हणाले, “वसंतराव खालीच राहतील. आणि बाकीच्यांनाही एकेकाला विचारून घेऊ, काय म्हणायचं ते.” एवढंच. टाळ्याबिळ्या काही नाहीत. पण मी छाती काढून बाहेर आलो. उभ्या आयुष्यात पोती तोलली, पण माझ्या शब्दावर एखादा माणूस आपल्या जागी राहिला, असं पहिल्यांदाच झालं. आमच्या कामातलं मी एवढंच शिकलो. सेवा कशी आहे ते विचारायच्या आधी माणसाला काय म्हणायचं ते विचारावं. नाहीतर पुढची सगळी उत्तरं भलत्याच माणसाची येतात.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी दाढी केली. मालन गेल्यापासून केली नव्हती. इस्त्रीचा शर्ट घातला आणि बसनं खडकीला गेलो. मॅडम तिथंच भेटल्या. दोन्ही डोळ्यांनी न दिसणाऱ्या एक म्हाताऱ्या बाई, घरी मदतनीस येते, त्यांचा रिव्ह्यू होता. चपला काढल्या, समोर बसलो आणि विचारलं, “नमस्कार. आपल्याला काय म्हणून हाक मारू?”

त्यांनी पदर सारखा केला. मग सरळ होऊन बसल्या.

“बाई म्हणा,” त्या म्हणाल्या. “मी शाळेत शिकवत होते.”