चार भोकांचा कागद

२०२० साल. मला चौऱ्याहत्तरावं लागलं होतं, आणि माझं दाढीचं सामान मुलाने कपाटावर ठेवून दिलं होतं.

जुनं पितळी यंत्र, ब्लेडचं. लग्नाच्या आधीपासून वापरत आलोय. "अण्णा, हात थरथरतात तुमचे, गाल कापून घ्याल," असं म्हणून त्याने मला विजेवरचं मशीन आणून दिलं. ते गालावर मांजरासारखं गुरगुरायचं आणि निम्मी दाढी जागच्या जागी ठेवायचं.

मी फेब्रुवारीत तीन महिन्यांसाठी म्हणून हॉलंडला आलो होतो. कापेल आन डेन आयसेलला मुलाचं घर, तिसऱ्या मजल्यावर. मार्चात सगळं बंद झालं आणि मी अडकलो. व्हिसाची मुदत वाढवून मिळाली. मुलगा दिवसभर कानाला हेडफोन लावून जेवणाच्या टेबलावर ऑफिस करायचा, आणि मी खिडकीतून नदीतल्या बोटी बघायचो. जुलैत आपल्या सरकारची विमानं लोकांना परत न्यायला लागली. मी म्हणालो, माझं नाव घाल.

"नाही," तो म्हणाला. "फलटणला एकटे काय करणार? चहाचा कप धरता येत नाही तुम्हाला."

कप वाजायचा हे खरं. बशीत ठेवलेला कप मी उचलला की तो बोलायला लागायचा. इथल्या हाउसआर्ट्सकडे, म्हणजे घरच्या डॉक्टरकडे, त्याने मला नेलंही होतं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, रोग काही नाही, वय आहे. मुलाने त्यातलं 'वय आहे' तेवढंच ऐकलं. फलटणला माझं दोन खोल्यांचं घर आहे. ते मी पस्तीस वर्षं ट्रक चालवून बांधलंय, कोणाचा रुपया घेऊन नाही. ते सोडून परक्याच्या खिडकीत बसून मरायचं मला कबूल नव्हतं.

आमच्या सूनबाई वेगळ्या. कॉलेजात एनसीसीत रायफल मारायच्या. नवऱ्यामागे इथे आल्या, दोन वर्षं घरात बसल्या, मग एका हिशेबाच्या ऑफिसात नोकरी धरली आणि नेमबाजीच्या क्लबातही नाव घातलं. क्लब नुकता पुन्हा उघडला होता. एका शुक्रवारी जेवताना त्या म्हणाल्या, "क्लबने नवीन पिस्तूल घेतलंय, एकदम छोटं. अमेरिकेत लोक असलं शर्टाच्या आत लपवून फिरतात."

"आणि इथे?" मी विचारलं.

"इथे लपवून फिरलात तर सरळ तुरुंग. क्लबातच मारायचं, कागदावर. ठेवायचं की परत करायचं ते ठरवायला सगळ्यांकडून मारून बघतायत. पाहुण्यालाही देतात, नीट बघून. चला अण्णा उद्या."

मुलगा हसला. "कप धरवत नाही, पिस्तूल धरणार!"

ते हसणं माझ्या घासात आलं. मी ताट सरकवलं. "पाच गोळ्या मारतो. पाचही कागदाला लागल्या तर उद्याच माझं नाव घालायचं विमानात."

"घालतो. आणि नाही लागल्या तर पुन्हा गावाचा विषय काढायचा नाही."

"नाही काढणार."

सूनबाईंनी आमच्या दोघांकडे पाहिलं आणि भात वाढला.

शनिवारी मुलाने गाडीने सोडलं. कोरोनामुळे एका सभासदामागे एकच पाहुणा, म्हणून तो बाहेर गाडीतच बसला. आत लांबट, बुटक्या छताची खोली. एक सोडून एक जागा रिकामी ठेवलेली. हात धुवा, आवाज अडवणारे कानावरचे डबे पुसा, मग घाला. देखरेखीला एक बाई होत्या, माझ्याच वयाच्या, पांढरे केस बारीक कापलेले. त्यांनी माझा पासपोर्ट पाहिला, माझा हातही पाहिला. हात तेव्हा चांगलाच थरथरत होता.

पिस्तूल टेबलावर होतं. काळं, चपटं, माझ्या तंबाखूच्या डबीपेक्षा थोडंसंच मोठं. बाईंनी सगळं करून दाखवलं, सूनबाईंनी मराठीत सांगितलं: तोंड कायम कागदाकडे, बोट चापाबाहेर, सांगितल्याशिवाय उचलायचं नाही. मला सगळं समजलं होतं. बाईंनी एकच गोळी भरली आणि मानेने खूण केली, उचला.

मी उचललं आणि कपाळाला लावलं.

यात विचार नव्हता. स्टेअरिंग असो, पाना असो, नवा टायर असो, नमस्कार केल्याशिवाय मी आयुष्यात कामाच्या वस्तूला हात घातलेला नाही. ट्रक मोठा, त्याला हात लावून तो हात कपाळाला न्यायचा. ही वस्तू लहान, म्हणून वस्तूच कपाळाला आली. आणि तिचं तोंड वळलं बाजूला, जिथे एक जागा सोडून पलीकडे एक माणूस नेम धरून उभा होता.

बाईंनी माझं मनगट पकडलं. दीड मीटरचं अंतर वगैरे सगळं विसरून. हात खाली, तोंड समोर, पिस्तूल टेबलावर. मग त्या एवढ्या मोठ्याने ओरडल्या की कानावर डबे असूनही मला ऐकू आलं. सगळ्यांनी हत्यारं ठेवली. तो पलीकडचा माणूस पांढराफटक पडला होता.

सूनबाईही घाबरल्या होत्या. "अण्णा, हे काय केलंत?"

"नमस्कार केला."

"भरलेलं होतं ते! त्या म्हणतायत, बाहेर जावं लागेल."

"जाईन. त्यांना सांग, तोंड फिरलं ती माझी चूक. ते पुन्हा होणार नाही. पण नमस्कार केल्याशिवाय मी त्याला हात लावायचा नाही. चालत नसेल तर राहू दे, हा चाललो."

"अण्णा, तुमची शर्त..."

"शर्त गेली तरी चालेल."

खरं म्हणजे चालणार नव्हतं. फलटणचं घर, दारातला कडुनिंब, माझी खाट, सगळं त्या टेबलावर होतं. पण माणूस एकदा म्हणाला की म्हणाला. सूनबाई बराच वेळ बाईंशी बोलत होत्या. मध्येच त्यांनी हवेत स्टेअरिंग धरून दाखवलं, मग हात कपाळाला लावला. बाई ऐकत होत्या, माझ्याकडे बघत होत्या. शेवटी त्यांनी पिस्तुलातली गोळी काढली, ते उघडं करून कागदाकडे तोंड करून ठेवलं आणि दोन बोटांनी टेबलावर टकटक केलं.

"त्या म्हणतायत," सूनबाई म्हणाल्या, "नमस्कार करा, पण ते टेबलावर असताना. उचलून नाही. आणि या वेळी त्या तुमच्या शेजारीच उभ्या राहणार."

त्यात हरकत घेण्यासारखं काही नव्हतं. मी वाकलो, बोटं लोखंडाला लावली, कपाळाला लावली. बाई थांबल्या. पूर्ण होईपर्यंत थांबल्या.

बाईंनी पुन्हा एक गोळी भरली. ती पहिली गोळी वाया गेली. त्या पिस्तुलाला मूठच नाही पुरेशी, करंगळी खाली हवेत लोंबते. चाप दाबला आणि ते उडालं. रिकामा ट्रक खड्ड्यात उडतो ना, भरलेल्यापेक्षा जास्त, तसंच. कागद कोरा.

म्हणजे मी हरलो होतो, तिथेच. सूनबाईंनी माझ्या पाठीवर हात ठेवला. बाईंनी विचारलं, बास की अजून? मी म्हणालो, ठरल्या तेवढ्या मारणार.

त्यांनी चार भरल्या. आता मला कळलं होतं की रिकाम्या गाडीशी भांडायचं नसतं, नुसतं घट्ट धरायचं असतं. दोन्ही हातांनी धरलं आणि थरथर कुठे गेली कोणास ठाऊक. चारही कागदात गेल्या. मधल्या काळ्यात एकही नाही. एक वरच्या कडेजवळ, दोन खाली, एक पार कोपऱ्यात. पण कागदात.

बाईंनी विचारलं, पिस्तूल कसं वाटलं? मी म्हणालो, "सांग त्यांना, परत करा म्हणावं. ज्याला लपवायचंय त्याच्यासाठी केलंय ते, ज्याला धरायचंय त्याच्यासाठी नाही." सूनबाईंनी सांगितलं. बाई मान मागे टाकून हसल्या.

कागद गुंडाळून आम्ही निघालो. जिन्यात सूनबाई थांबल्या. पर्समधून पेन काढलं. "अण्णा, पाचवं भोक पाडू का? कोणाला कळतंय?"

"ठेव ते आत," मी म्हणालो. "खोट्या भोकातून घरी जाऊ का मी?"

गाडीत मुलाने कागद मांडीवर पसरला. एकेका भोकाला बोट लावलं. चेहऱ्यावरून दिसत होतं की एवढी त्याची अपेक्षा नव्हती. पण तो माझाच मुलगा.

"चार," तो म्हणाला. "हरलात, अण्णा."

"हरलो."

"मग आता गावाचा विषय नाही."

"नाही काढणार म्हणालो होतो, ते मोडतो. पाचाची शर्त मी मांडली होती, तू नाहीस. माझी मीच मोडतो. मी जाणार."

"हे काय बोलणं झालं?"

"हेच बोलणं झालं. तू भोकं मोजतोस. मला एवढंच कळलं, की धरायला काही दिलं तर हा हात धरतो. तू गेले पाच महिने माझ्या हातातून एकेक वस्तू काढून घेतोयस. रिकामा हात थरथरणार नाही तर काय करणार?"

त्याने गाडी सुरू केली. सूनबाई मागे बसून खिडकीबाहेर बघत होत्या, पण आरशात मला त्यांचं हसू दिसलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी खुर्ची ओढली, तिच्यावर चढून कपाटावरचं पितळी यंत्र काढलं, त्याला नमस्कार केला आणि घोटून दाढी केली. हनुवटीला एक जागा कापली, तिथे वर्तमानपत्राचा कपटा चिकटवला. मग मुलाच्या खणातून माझा पासपोर्ट घेतला आणि तो लॅपटॉप उघडत होता, त्याच्यावर ठेवला.

"आज रविवार आहे, तुला मिटिंग नाही," मी म्हणालो. "माझं नाव घाल."