कोरडी पाठ

खेळाचा धंदा कसा वाढला, हे कुणी कौतुकानं सांगायला लागलं की माझं डोकं फिरतं. सत्तरच्या दशकात इस्लामपूरजवळच्या एका गावात कुस्त्यांना पहिल्यांदा तिकीट लागलं. ठेकेदारानं मैदानाला पत्रे ठोकले आणि पोस्टरवरचे दोन पैलवान मोटारीतून आणले. आखाड्याची माती मात्र गावातल्याच एका म्हाताऱ्यानं केली. ताक, तेल, हळद घालून तीन दिवस तो ती पायानं मळत होता. त्याचं नाव मी कधी विचारलं नाही.

मोठी कुस्ती अर्धा तास चालली आणि बरोबरीत सोडवली. आम्ही टाळ्या पिटल्या. म्हातारा मात्र आखाड्यात शिरला आणि त्यानं एका पैलवानाच्या पाठीवरून हात फिरवला. माती भुरुभुरु खाली पडली.

"घामच न्हाई, तर माती चिकटंल कशी?" तो ओरडला. "ठरवून आलायसा व्हय रं? माझ्या मातीला फशिवता?"

ठेकेदाराच्या माणसांनी त्याला दंडाला धरून बाहेर काढलं. कारण काय, तर त्याच्याकडं तिकीट नव्हतं!

तिकिटं आमच्याकडं होती. आम्ही बसूनच राहिलो. पुढची कुस्ती लागली होती.