काका बोलणार होते

“और अब ज़ोरदार तालियाँ, हमारे नन्हे काका के लिए!” सिमरननं माइकवर पुकारा केला आणि ऐंशी ओलांडलेले गुरमेलसिंग काठी टेकत खुर्चीतून उठले. सभागृहभर बसलेली शाळेची मुलं खो खो हसली. मी दारात उभी होते.

चंदीगडच्या एका इतिहास संग्रहालयात मी एज्युकेशन ऑफिसर आहे. म्हणजे शाळांच्या भेटी, कार्यशाळा, व्याख्यानं, सगळं माझ्या गळ्यात. त्या दिवशीचा कार्यक्रम होता ‘शहराच्या आधी’. हे आखीव सेक्टरांचं शहर मोकळ्या माळावर उभं राहिलं, असं मुलांना वाटतं. तिथे गावं होती, ती उठवली. गुरमेलसिंग त्यांतल्याच एका गावचे. विहीर कुठे, कुणाचं घर कुठे, हे सांगू शकणारे आता ते एकटेच उरले होते. माणसांच्या आठवणी त्यांच्याच आवाजात जपून ठेवायच्या, याला आमच्याकडे ओरल हिस्ट्री म्हणतात. त्यासाठी मी रेकॉर्डर घेऊन शहराबाहेर मुल्लानपूरला त्यांच्या घरी गेले आणि नुसती लस्सी पिऊन परत आले.

“मशीन से क्या बात करूँ, बेटा? बच्चे बिठाओ, सब बताऊँगा.”

म्हणून मुलं बसवली. सूत्रसंचालन करणाऱ्या सिमरनला मी व्हॉइस नोट पाठवली होती, “काका भी बोलेंगे, उनको बच्चों के साथ रखना.” मी साताऱ्याची. वडीलधारा माणूस दिसला की तोंडातून काकाच येतं. पंजाबीत काका म्हणजे लहान पोरगा, हे मला इतक्या वर्षांत कुणी सांगितलं नव्हतं. सिमरननं काकांना मुलांच्या कवितांच्या मध्ये घातलं. प्रत्येकाला दोन मिनिटं, मग बेल.

“मॅम, आप तो सबको ‘जी’ लगाकर बुलाते हो,” नंतर ती रडकुंडीला येऊन म्हणाली. “मुझे लगा, बच्चे को भी इज़्ज़त दे रहे हो.”

माइकसमोर उभे राहिलेले गुरमेलसिंग मात्र चिडले नाहीत. “हाँ जी, काका ही हूँ,” ते म्हणाले. “गाँव छूटा, तब काका ही था.” त्यांनी काठी समोर रोखली. “चलो, सब कुएँ पर खड़े हो जाओ. सीधे हाथ को हमारी गली...” पुढच्या रांगेतल्या पोरांनी खरोखर उजवीकडे माना वळवल्या. असं ऐकणारी मुलं मी या नोकरीत क्वचित पाहिली आहेत.

तेवढ्यात चीफ गेस्टांची गाडी आली. माझ्याशेजारी उभ्या असलेल्या डायरेक्टर सरांनी सिमरनला ‘आवर’ अशी खूण केली.

“सर, दस मिनट दीजिए. प्रोग्राम इन्हीं के लिए है.”

“मॅडम, चीफ गेस्ट को दरवाज़े पर खड़ा रखूँ? लंच के बाद करवा लेना.”

बेल वाजली. गुरमेलसिंगांनी हात जोडले आणि जागेवर जाऊन बसले. लंच झाल्या झाल्या शाळेच्या बस निघाल्या.

मी दुसरी शाळा शोधत होते. आधी परीक्षा आल्या, मग सुट्ट्या, मग अंगाची लाही करणारं ऊन. त्याच उन्हाळ्यात गुरमेलसिंग गेले.

भेटायला गेले तेव्हा त्यांच्या सुनेनं विचारलं, “पापाजी की रिकॉर्डिंग है ना आपके पास? बच्चों को सुनानी है. घर में तो कभी गाँव का कुछ बताया ही नहीं.”

कार्यक्रमातली ती दोन मिनिटं तेवढी रेकॉर्ड झाली होती, ती मी फोनवर लावून दिली. नातवंडं फोनभोवती जमली. बेल वाजून आवाज थांबला, तरी ती वाट बघत होती.

“बस, इतना ही?” सुनेनं विचारलं.

“इतना ही,” मी म्हणाले. मला फार लाज वाटली.

आता शेड्यूलमध्ये मी कुणाचंही नातं लिहीत नाही. पूर्ण नाव, वय, आणि वृद्ध वक्त्यांपुढे ठळक अक्षरांत, ‘बेल वाजवायची नाही’. डायरेक्टर सर हल्ली त्यावर काही बोलत नाहीत. त्या गावाबद्दल बोलणारंही आता कुणी नाही.